इंजिनाच्या डोक्यावरचा डिझेल फिल्टर हलवावा का, आणि हलवून ठेवावा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २८ फुटी फायबरची होडी, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, टाकी इंजिनापेक्षा उंचावर. डिझेलचा फिल्टर इंजिनावरच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, खूप तापणारा भाग) वर वीतभर अंतरावर बसवलेला. फिल्टरच्या बुडाशी कायम ओल असते. फिटर म्हणतो, कंपनीने दिलाय तिथेच राहू दे, डिझेल काही पेट्रोलसारखं पेटत नाही. होडीच्या मालकाला मात्र ते पटत नाही.

मालकाचं बरोबर आहे. फिल्टर हलवा, आणि १ ऑगस्टला होडी पाण्यात जायच्या आधीच हलवा. पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने होडी किनाऱ्यावर शाकारलेली असते, इंजिन गार असतं, घाई नसते. हंगाम सुरू झाला की हे काम दिवाळीवर जातं आणि दिवाळीनंतर शिमग्यावर. मी तीस वर्षांहून जास्त काळ कोकणातल्या बंदरांवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आहे, आणि ‘पुढच्या फेरीनंतर बघू’ हे वाक्य मी जळलेल्या होड्यांच्या मालकांकडूनही ऐकलंय.

आधी ‘कंपनीने दिलाय’ याबद्दल. आपल्याकडे लहान होड्यांत बसवलेली बरीच इंजिनं मुळात शेतीपंपासाठी किंवा जनरेटरसाठी घडवलेली असतात. तिथे ती उघड्या शेडमध्ये, सपाट जमिनीवर, चारी बाजूंनी वारा खात चालतात. फिल्टर इंजिनावर असला तरी तिथे चालून जातं. मॅनिफोल्डवर पडलेला वारा उष्णता घेऊन जातो आणि चुकलेला थेंब मातीत जिरतो. तेच इंजिन आपण फायबरच्या बंद खणात बसवतो, वर फळ्या टाकतो, फळ्यांवर जाळी टाकतो. खणात हवा खेळत नाही, होडी दोन्ही अंगांना झुलते, खारं पाणी प्रत्येक बोल्ट खातं. कंपनीने जी जागा दिली ती या खणासाठी दिलेली नव्हती.

आता ‘डिझेल पेटत नाही’. गार डिझेलच्या बादलीत पेटती काडी पडली की विझते, हे कुणीतरी पाहिलेलं असतं आणि समजूत तिथूनच येते. (कृपा करून कुणी करून बघू नका.) इंधनाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने भडकण्याइतकी जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा उणे ४० अंशांच्याही खाली असतो, म्हणून ते कुठेही, कधीही पेटतं. गाड्यांच्या डिझेलसाठी आपल्या भारतीय मानकात किमान मर्यादा ३५ अंशांची आहे. जहाजांसाठीचं वेगळं डिझेल ६६ अंशांचं असतं. लहान होड्यांत बहुतेक वेळा गाड्यांचंच डिझेल भरलं जातं. पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट ३५ पेक्षा वरच असतो, पण हमी तेवढीच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी इंजिन चालू असताना खणात हात घालून बघा. तिथली हवा ४५-५० अंशांवर सहज जाते. म्हणजे जे डिझेल बादलीत काडी विझवतं, तेच तुमच्या खणात वाफ सोडायला लागलेलं असू शकतं.

हे झालं ठिणगीचं. ठिणगीशिवायही डिझेल पेटतं, त्याला २२० ते २५० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. लोड असलेल्या डिझेल इंजिनाचा कोरडा मॅनिफोल्ड, म्हणजे ज्याच्याभोवती गार पाणी फिरत नाही असा, ४०० अंशांच्या घरात जातो. मोठ्या जहाजांसाठीच्या सोलास करारात २२० अंशांवर तापू शकणारा आणि ज्यावर गळलेलं इंधन उडू शकतं असा प्रत्येक पृष्ठभाग झाकायला सांगितलेलं आहे, ते याच कारणाने. आपल्या होडीला तो करार लागू नाही, पण डिझेल तेच आहे.

इथे एक बारकावा सांगतो, कारण फिटर लोक तो पुरावा म्हणून पुढे करतात. तापलेल्या लोखंडावर एखादा थेंब पडला तर बहुधा तो ‘चर्र’ होऊन उडून जातो, पेटत नाही. उघड्या, वाहत्या हवेत थेंबाला पेटायला जास्त उष्णता लागते. हे फिटरने शंभर वेळा पाहिलेलं असतं आणि म्हणून तो निर्धास्त असतो. धोका असतो तो थेंब जिथे मुरतो तिथे. सायलेन्सरभोवती उष्णता अडवायला गुंडाळलेली लॅगिंगची दोरी, मॅनिफोल्डमागे कोंबलेल्या चिंध्या, फळीची भिजलेली कड. दिव्याची वात जशी तेल वर ओढते आणि जळत राहते, तसंच ते होतं.

एका होडीवर मला बोलावणं आलं होतं, ‘इंजिन चाललं की वास येतो’ म्हणून. तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, जुना माणूस होता. म्हणाला, “मिस्त्री, तीन महिने येतोय वास, पण इंजिन बरोबर चालतंय, म्हणून काही केलं नाही.” मी लॅगिंगची दोरी सोडवायला घेतली. बाहेरून राखाडी, कोरडी. दुसरा वेढा पिवळट, तेलकट. दोन बोटांत पिळला तर डिझेल सुटलं. सर्वांत आतला वेढा कोळशासारखा काळा होता आणि हातात घेताच कुस्करला गेला. तो बाहेर काढून मी सहज फुंकर मारली, आणि त्याच्या कडेने तांदळाच्या कणीएवढे लाल ठिपके उजळले. इंजिन बंद करून पाऊण तास झाला होता. वर पाहिलं तर बरोबर डोक्यावर फिल्टरचा एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढायचा स्क्रू. दर वेळी एअर काढताना चमचाभर डिझेल उडायचं आणि त्या दोरीत मुरायचं. फिल्टर गळतही नव्हता. फक्त जागा चुकीची होती.

म्हणून तुम्हाला ओल दिसते आहे तिचा हिशेब आजच करा. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाभरात वाटीभर डिझेल होतं. तुमची टाकी इंजिनापेक्षा उंच आहे, त्यामुळे गळती इंजिन बंद झाल्यावरही थांबत नाही. रात्री जेटीला होडी बांधून तुम्ही घरी गेलात तरी थेंब पडतच राहतो, आणि पहाटे बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या खोलगट भागात, साचलेल्या पाण्यावर डिझेलचा तवंग तयार असतो.

आता जागा. मी जागा ठरवताना ओळंबा वापरतो, गवंड्याचा असतो तोच. नसेल तर दोरीला जड नट बांधा. फिल्टर जिथे बसवायचा विचार आहे तिथे त्याच्या बुडाच्या बिंदूवर दोरी धरा आणि नट कुठे टेकतो ते बघा. मग दोरी दोन्ही बाजूंना, पुढेमागेही, साधारण पंधरा-वीस अंश तिरकी करून परत बघा, कारण समुद्रात होडी सरळ उभी राहत नाही. नटाच्या त्या सगळ्या फेऱ्यात मॅनिफोल्ड, सायलेन्सर, टर्बो असेल तर टर्बो, स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरी, वायरचा जोड, यातलं काहीही येता कामा नये. आलं तर जागा सोडा, दुसरी शोधा. स्टार्टर आणि अल्टरनेटर लोक विसरतात. दोन्हींच्या आत कार्बन ब्रश असतात आणि तिथे ठिणगी पडते. बॅटरीचं वेगळंच. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि तिच्या टर्मिनलवर पाना आडवा पडला की काय होतं ते प्रत्येक फिटरला माहीत आहे.

बहुतेक होड्यांत योग्य जागा निघते ती इंजिन खणाच्या आडव्या पार्टिशनवर, इंजिनाच्या ज्या बाजूला एक्झॉस्ट नाही त्या बाजूला. फिल्टर पार्टिशनवर घ्या, इंजिनावर नको. इंजिन थरथरतं, आणि त्या थरथरीने ब्रॅकेटला चीर जाते, बोल्ट सैल होतात. फायबरच्या पातळ पत्र्यावर नुसते स्क्रू मारू नका. मागून लाकडाची किंवा जाड प्लायची फळी देऊन आरपार बोल्ट घाला आणि नट वॉशर लावून आवळा. उंची अशी ठेवा की तुम्ही गुडघ्यावर बसून फिल्टरच्या बुडाची, पाणी जमणारी वाटी सोडू शकाल आणि खाली बाटली धरता येईल. अगदी तळाशी बसवू नका. बिल्जचं खारं पाणी वर्षभरात फिल्टरचं बूड खातं, आणि गंजून पडलेलं भोक हीसुद्धा गळतीच. फिल्टरच्या खाली स्टीलचा छोटा ट्रे द्या, बोटभर कड असलेला. वाटी उघडताना सांडेल ते ट्रेमध्ये पडेल आणि पुसता येईल.

एक्झॉस्ट नसलेली बाजू खरोखरच मोकळी नसेल, तर मधे पत्र्याची आडोशाची ढाल उभी करा. फिल्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यात फूटभर तरी अंतर आणि मधे ढाल. हा दुय्यम उपाय आहे, पण आजच्यापेक्षा कितीतरी बरा.

तुमच्या होडीत डिझेल उंचावरून उतरतं, म्हणून नळीचा उतारही बघा. टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून पंपापर्यंत नळी मधेच उंट झाल्यासारखी वर-खाली जायला नको. त्या उंचवट्यात हवा अडकते आणि इंजिन एअर धरतं. पोकळीही आत्ता आहे त्यापेक्षा बारीक करू नका. नळी दोन हात लांबली तरी इंजिनाला फरक पडत नाही. मधे कोपरे जास्त आले तर मात्र पडतो.

काही होड्यांत दोन फिल्टर असतात, त्यांच्यासाठी हे. टाकीनंतरचा पहिला, पाणी वेगळं करणारा, फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल पुढे पाठवणाऱ्या पंपाच्या, आधी असला पाहिजे. पंपातून गेलं की पाणी आणि डिझेल घुसळल्यासारखं होतं आणि मग वाटीत पाणी नीट बसत नाही. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर हा फिल्टर पंप डिझेल ओढतो त्या बाजूला येतो. तो सैल झाला तर बाहेर गळण्याऐवजी हवा आत खेचतो आणि इंजिन गुदमरतं. त्रास होतो, पण आग लागत नाही. दुसरा, बारीक फिल्टर पंपानंतर दाबाखाली असतो, आणि तो फुटला की बाहेर फवारतो. दोनपैकी एकच हलवायची ऐपत किंवा वेळ असेल तर दाबाखालचा आधी हलवा. आणि टाकी उंच असेल तर, तुमच्यासारखी, दोन्ही बाजू दाबाखालीच समजा.

वाटी कशाची आहे? साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या वाटीला बंद खणात जागा देऊ नका. थोड्या ज्वाळेत ती मऊ होते आणि सगळी टाकी आगीवर रिकामी करते. रॅकॉरसारख्या फिल्टरांत पारदर्शक वाटीचा साधा प्रकार आणि वाटीखाली धातूची ढाल असलेला सागरी प्रकार असे दोन्ही मिळतात. होडीसाठी ढालवालाच घ्या. मोटरसायकलचा बोटभर प्लास्टिकचा इनलाइन फिल्टर तर डिझेल इंजिनावर दिसला की मी विचारायच्या आधी काढून टाकतो.

नळ्यांबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. होडी पाहिली की फिल्टर महागाचा असतो आणि त्याला जोडलेली नळी बागेची. पारदर्शक पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडते, क्लिपखालून सरकते, आणि थंडीत कडक होऊन तडकते. लहान बोटींसाठी आयएसओ ७८४० या मानकाची इंधनाची नळी मिळते. तिची कसोटी अशी की आगीत अडीच मिनिटं टिकली पाहिजे. अडीच मिनिटं थोडी वाटतात, पण तेवढ्यात माणूस इंजिन बंद करतो, टाकीचा कॉक फिरवतो आणि आग विझवायचा सिलिंडर उचलतो. पीव्हीसी नळी तुम्हाला तेवढा वेळ देणार नाही. जिथे निप्पल पुरेसा लांब आहे तिथे स्टेनलेसच्या दोन क्लिपा लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. तार पिळून बांधलेली नळी सोडून द्या.

तांब्याची पाइप वापरली असेल तर इंजिनाशी जोडताना शेवटचा हातभर भाग लवचिक नळीचा हवा. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरच्या (पाइपच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मुळाशी केसासारखी चीर जाते. बॅनजो बोल्टखालची (ज्या पोकळ बोल्टातून डिझेल जातं त्याच्या) तांब्याची वॉशरं दर वेळी नवीन घाला. नवीन नसतील तर लाल होईपर्यंत तापवून गार करून घ्या, म्हणजे मऊ होऊन नीट बसतील. तुमच्या फिल्टरखालची ओल बहुतेक अशाच एखाद्या जुन्या वॉशरची असेल. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवरून उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या बारीक नळ्याही बघा. त्या मॅनिफोल्डच्या अगदी जवळून जातात आणि सगळ्यात दुर्लक्षित असतात. आणि नोझलच्या हायप्रेशर पाइपची गळती बोटाने कधीही शोधू नका. तिथला दाब शेकडो बारचा असतो, फवारा कातडीतून आत जातो आणि बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, तो ओला होईल.

टाकीच्या बुडाशी कॉक आहे का, हे प्रश्नात नाही, पण मी विचारतोच. असला पाहिजे, आणि खणाचं झाकण न उघडता हाताशी आला पाहिजे. कॉक इंजिनाच्या पलीकडे असेल तर आगीच्या वेळी तो नसल्यासारखाच. कॉकच्या दांडीला सळई जोडून ती पार्टिशनबाहेर काढता येते. हे काम एका दुपारचं आहे. रोज होडी बांधताना कॉक बंद करायचा, ही सवय खलाशांना लावा.

टाकीला वेल्डिंग करायचं ठरलं तर टाकी बाहेर काढून, पूर्ण धुऊन, हवा खेळवून मगच. ‘रिकामी आहे’ म्हणून केलेल्या वेल्डिंगने माणसं गेली आहेत. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच फुटते.

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेलं, पेट्रोल इंजिन असलेल्यांसाठी थोडक्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती उडून जात नाही, तळाशी जाऊन बसते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास जमली की भडकू शकते. म्हणून टाकी आणि फिल्टर झाकणबंद कप्प्यात ठेवू नका, मागच्या उघड्या भागात ठेवा. सुटी टाकी भरायची तर जेटीवर उतरवून भरा, होडीत ठेवून नाही, आणि भरायच्या नळीचं नोझल टाकीच्या तोंडाला टेकवूनच. सध्याच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या व प्रायमरचा फुगा (हाताने दाबून पेट्रोल इंजिनाकडे चढवायचा) लवकर खराब करतं. फुगा दाबल्यावर बोटाला चिकट लागला तर बदलायची वेळ झाली. ज्यांचं पेट्रोल इंजिन बंद खणात आहे त्यांनी ब्लोअर (खणातली हवा बाहेर काढणारा पंखा) बसवावा आणि स्टार्टर मारण्यापूर्वी चार मिनिटं चालवावा. अमेरिकेत तशा बोटींवर ही सूचना लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे.

एवढं करूनही पेटलं तर? पहिली चूक सगळे तीच करतात, झाकण उघडतात. उघडलं की आगीला हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येते. इंजिन बंद करा. चालू इंजिन आग विझवणारी पावडर आणि वायू दोन्ही ओढून घेतं आणि डिझेल पुढे ढकलत राहतं. कॉक बंद करा. मग सिलिंडर. झाकणाला अंगठ्याएवढं भोक पाडून त्यावर सरकती पट्टी लावून ठेवा, त्या भोकातून ड्राय पावडर आत मारता येते. दोन किलोचा सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास रिकामा होतो, म्हणून एकाऐवजी दोन ठेवा, आणि ते खणात नाही, सुकाणूजवळ. वर्षातून एकदा दाबाचा काटा बघा आणि सिलिंडर उलटा करून हलवा, खारट दमट हवेत पावडर गोळा होऊन बसते. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नका, तवंग पसरतो. फायबर पेटलं की धूर काळा आणि विषारी असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. लाइफ जॅकेट विझवण्याआधी घाला, नंतर वेळ मिळत नाही. वायरलेसवर चॅनल १६, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

जेटीवर होड्या बांधतानाही हे मनात असू द्या. विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री एका बोटीला लागलेली आग शेजारच्या बोटींवर गेली आणि चाळीसच्या आसपास बोटी तिच्या तडाख्यात सापडल्या. ती फिल्टरची आग नव्हती. पण खेटून बांधलेल्या होड्या, प्रत्येकीत डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस, हे चित्र आपल्या बंदरांतही तेच आहे. खणातलं तेलाने भिजलेलं वेस्ट (पुसायचं सुती सूत आणि चिंध्या) दर फेरीनंतर बाहेर काढा.

फिल्टर हलवून झाला की एअर काढा, सगळं कोरडं पुसा आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. जेटीला बांधूनच अर्धा तास लोडवर इंजिन चालवा, मग बंद करून रात्रभर कॉक उघडा ठेवा, या एकाच रात्री. सकाळी पट्ट्या बघा. जी ओली दिसेल तो जोड सोडून नव्याने बसवा आणि परत रात्र काढा. जुनी लॅगिंग ठेवू नका, नवीन काचतंतूची दोरी गुंडाळा, कारण तुमच्याकडच्या दोरीत आत किती मुरलंय ते बाहेरून कळणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी खणाचे दोन फोटो टाका, एकात टाकी आणि कॉक, दुसऱ्यात मॅनिफोल्डची बाजू. पार्टिशनवर नेमकी जागा मी खूण करून सांगतो.